चुन्याची बादली

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे झालं ते क्रमाने.

१. सकाळी बेल-आन्स या उसाच्या मळ्यावरच्या जुन्या हवेलीमागच्या हिरवळीवर, विटांच्या चौथऱ्याभोवती, बांधकामाआधीच्या तपासणीसाठी जमिनीखालचं दाखवणारी रडारची गाडी फिरवली. माती कोरडी होती. चित्र स्वच्छ आलं.

२. चौथऱ्याखाली कबरी नाहीत. एकही नाही. खाली भाजलेली माती आणि राखेचा थर आहे. उसाचा रस आटवायच्या जुन्या भट्टीचं ते बूड आहे.

३. हवेलीचे व्यवस्थापक वेड ट्रॉक्सलेर यांनी विचारलं, "काही सापडलं का?" मी म्हटलं, "नाही. इथे कुणालाही पुरलेलं नाही."

४. माझी नानन, म्हणजे धर्ममाता, युलाली झेनों, तेव्हा जवळच उभी होती. ती या हवेलीची वाटाड्या आहे. तिने ऐकलं.

५. तिने छत्री उघडली आणि पुढच्या सहलीच्या लोकांना घेऊन घरात गेली.

६. दुपारपासून ती माझा फोन उचलत नाही.

मोजमाप बरोबर आहे. दोनदा तपासलं. पण सांगण्याची जागा आणि वेळ यांच्याबद्दल तसं म्हणता येणार नाही.

त्या चौथऱ्याला आमच्या वस्तीतली माणसं दरवर्षी तूसाँच्या दिवशी, म्हणजे सर्व संतांच्या सणाला, एक नोव्हेंबरला, चुना देतात आणि पिवळी शेवंती ठेवतात. गुलामीत मेलेली आमची माणसं तिथे आहेत, असं मी बोलायला लागल्यापासून ऐकत आले. नाननने मला बाप्तिस्म्याला हातात धरलं होतं. आमच्याकडे नाननचा हक्क आईच्या खालोखाल असतो. माझी आई गेल्या वर्षी गेली, त्यामुळे आता खालोखालही म्हणता येत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

वस्तीवर गेले. नानन घरी नव्हती. पडवीत तिचा भाऊ, नाँक ऑक्टेव्ह, अक्रोडासारखे पेकान फोडत बसला होता. नाँक म्हणजे मामाही आणि काकाही, आमच्याकडे एकच शब्द पुरतो.

"या, यंत्रवाल्या बाई," तो म्हणाला. "माझ्या पडवीखाली कोण झोपलंय ते बघायला आलात?"

"नानन कुठे आहे?"

"केस करायला गेलीये. रागावली की ती केस करून घेते. तुझ्या आईच्या लग्नात किती सुंदर दिसत होती, आठवतं? तुला कसं आठवेल म्हणा."

मी त्याच्याशेजारी बसले आणि फोडलेल्या पेकानमधून टरफलं वेचायला लागले. तो तिरक्या नजरेने बघत होता.

"खोटं बोललीस का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग झालं. खरं बोलायचा तुला पगार मिळतो. मला आयुष्यभर त्याबद्दल फक्त शिव्या मिळाल्या."

निघताना पाहिलं, मागच्या दारी चुन्याचं पोतं आलेलं होतं, नेहमीचं, बांधकामाच्या दुकानातलं. मी म्हटलं, "या वर्षीही चुना? तिथे कुणी नाही हे कळल्यावर?"

"मग काय, बादली रिकामी न्यायची?" तो म्हणाला आणि हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

माणसांना पुरावा दिला तरी ती सवय सोडत नाहीत. हे मी कॉलेजात भूजलाच्या वर्गात पहिल्यांदा ऐकलं होतं, वेगळ्या संदर्भात.

६ ऑक्टोबर, सोमवार

ट्रॉक्सलेर यांचा निरोप ऑफिसला आला. चौथरा मोकळा असल्यामुळे लग्नाचा मंडप आता तिथेच बांधायचा. आधी तो नदीच्या अंगाला, ओक वृक्षांच्या रांगेपलीकडे बांधणार होते. जागा अडचणीची आणि खर्चाची होती. मंडपाला स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहं लागणार, म्हणून चौथऱ्यापासून मागच्या कालव्यापर्यंत सांडपाण्याचा चर खणायचा. चराच्या मार्गाची तपासणीही मीच करायची. अहवाल चोवीस तारखेला द्यायचा. पंचवीसला खणणारे येणार.

मी फोन केला तेव्हा ते मोकळेपणाने बोलले. "मिस नार्सिस, खरं सांगतो, माझ्या आधीच्या माणसानेही त्या विटांना हात लावला नव्हता. मिस युलाच्या शब्दाखातर. मलाही बरं वाटलं नसतं. तुम्ही माझ्या मनावरचं ओझं उतरवलंत."

वाईट माणूस नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढे मला तसं वाटेलच असं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

नानन बोलत नाही, पण तिकीट काढलेल्या माणसाशी तिला बोलावंच लागतं. म्हणून तिकीट काढलं.

आमच्या गटात ओहायोचं एक निवृत्त जोडपं, दोन जर्मन मुली आणि लग्नासाठी जागा बघायला आलेलं एक तरुण जोडपं होतं. नाननने सगळ्यांचं स्वागत केलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि बाई, तुम्ही कुठून आलात?"

"जवळूनच," मी म्हटलं.

"जवळची माणसं सहसा येत नाहीत," ती म्हणाली. सगळे हसले.

हवेलीतली फेरी मला पाठ आहे. जेवणघर, टेबलावर टांगलेला लाकडी पंखा, तो ओढत दिवसभर कोपऱ्यात उभं राहणारं पोर. वरच्या मजल्यावरचा पलंग. मग अंगणात रस आटवायच्या लोखंडी कढया, ज्यांत आता कमळं लावली आहेत. ओहायोच्या बाईंनी तोच प्रश्न विचारला जो प्रत्येक गटात कुणीतरी विचारतं. इथले मालक चांगले होते ना? नोकरांना नीट वागवायचे ना?

"इथल्या मांजरीला चिनीमातीची बशी होती, नाव घातलेली," नानन म्हणाली. "ती कपाटात तुम्ही पाहिलीत. मांजरीला फार चांगलं वागवायचे."

बाई आधी हसल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

एक निरीक्षण. अंगणातून विटांच्या चौथऱ्याकडे जायला हिरवळीवरून सरळ वाट आहे. नानन लोकांना तिकडून नेत नाही. ती पश्चिमेला वळून धुणीघराला वळसा घालते, जुन्या पेकानच्या झाडांच्या कोपऱ्यावर थांबते आणि सगळ्यांना पाणी प्यायला सांगते. तिथे बाक नाही, नळ नाही, बघण्यासारखं काही नाही. ऊन होतं तरी तिने छत्री मिटली आणि सगळे पाणी पिईपर्यंत तशीच मिटून धरली. मनगट दुखत असावं. तिला डॉक्टरकडे नेलं पाहिजे, पण आधी तिने बोललं पाहिजे.

चौथऱ्यापाशी ती म्हणाली, "या जागेला वस्तीतले लोक पिढ्यान्‌पिढ्या चुना देत आले आहेत." पूर्वी पुढे एक वाक्य असायचं, की इथे आमची माणसं आहेत. ते वाक्य तिने आज म्हटलं नाही. मग आठवायचा प्रयत्न केला, ते वाक्य तिने कधी म्हटलं होतं का. मला ते इतर माणसांच्या तोंडून ऐकल्याचं आठवतं. तिच्या तोंडून नाही.

तरुण जोडप्यातल्या मुलीने विचारलं, मंडप इथे होणार का? नानन म्हणाली, "तसं ऐकलंय." आणि माझ्याकडे न बघता सगळ्यांना सरबताकडे घेऊन गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार

बांधालगतच्या रस्त्याने दिवसभर फिरले. इतर हवेल्या आपापल्या कबरस्तानांचं काय करतात, हे बघायचं होतं. गाळप सुरू झालंय. उसाच्या गाड्यांमागून हळू जावं लागलं आणि पाचट जाळल्याचा धूर बांधावरून नदीकडे उतरत होता. रस्त्यावर शहराकडे जाणारा फाटा लागतो, जिथे आईचं कबरस्तान आहे. तिकडे वळले नाही. वेळ नव्हता.

पहिल्या हवेलीत कबरस्तानाचा उल्लेखच नाही. विचारल्यावर तिथला पोरगेला वाटाड्या म्हणाला, "नदीने पात्र बदललं ना, वाहून गेलं." नदीने तिथलं पात्र बदललेलं नाही. नकाशे माझ्याकडे आहेत.

दुसऱ्या हवेलीत कबरस्तान आहे. फेरीतला सहावा थांबा. ग्रॅनाइटची शिळा आणि तिच्यावर नावं, फक्त पाळण्यातली, कारण आडनावं कुणाला नव्हतीच. त्यांत एक नार्सिस होता. आमचं आडनाव असंच कुणाच्या तरी पाळण्यातल्या नावावरून आलेलं असणार. वाटाड्या म्हणाला, "इथे आपण एक मिनिट शांत राहू या." मिनिट पुरं व्हायच्या आत मागे कुणीतरी फोनवर हळूच सांगत होतं की गाडी सावलीत लाव. एका मुलाने बापाला विचारलं, खाली खरंच आहेत का? बाप म्हणाला, "हो. उभा राहा, फोटो काढतो."

शिळेच्या कडेला एक म्हातारी बाई घडीच्या खुर्चीवर बसली होती. तिची माणसं इथली. मी विचारलं, शिळा बसवली हे बरं झालं का?

"पाइपलाइन जाणार होती इथून," ती म्हणाली. "शिळा होती म्हणून थांबली. सरकारी दप्तरात नोंद आहे ना. नोंद असली की त्यांना वळसा घालावा लागतो."

"मग बरंच झालं म्हणायचं."

"हो. पण पूर्वी मी मनात आलं की यायची. आता पाचला फाटक बंद होतं."

"तुम्हालाही तिकीट लागतं?"

"छे, आम्हाला फुकट आहे," ती म्हणाली. "फक्त काउंटरवर सांगावं लागतं की आपण कोण."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चराच्या मार्गावर झेंड्या लावलेल्या होत्या. प्रत्येक झेंडीपाशी मातीची नळी दाबून नमुना काढायचा, असं काम. सगळीकडे एकच तपकिरी गाळाची माती.

पेकानच्या कोपऱ्यावरचा नमुना वेगळा निघाला. वरच्या भागात पांढऱ्या रेघा होत्या. बारीक, सुताएवढ्या, एकाखाली एक, मध्ये तपकिरी माती, पुन्हा पांढरी रेघ. आम्लाचा थेंब टाकला. फसफसलं. चुना.

कुणी एकदा चुना सांडला असता तर एक डाग असता. हा वर्षानुवर्षं, थोडा थोडा, एकाच जागी सांडलेला आहे.

मी नळी तशीच हातात धरून बसले. मग आठवलं. मी लहान असताना तूसाँच्या दिवशी आम्ही मागच्या रस्त्याने यायचो. पुढे नानन आणि आई, दोघींच्या मध्ये बादली, मागे शेवंतीच्या कुंड्या घेतलेली माणसं. या कोपऱ्यावर आल्यावर त्या बादली खाली टेकवायच्या. हात बदलायचा म्हणून. सगळे थांबायचे. पुरुष घाम पुसायला टोप्या काढायचे. कुणी बुटाची नाडी बांधायला गुडघ्यावर बसायचं. मग बादली उचलायची, आणि उचलताना थोडा चुना सांडायचाच. मी एकदा म्हटलं होतं, की गवतावरून सरळ गेलो तर थांबावं लागणार नाही. नानन म्हणाली होती, "गवतावर दव असतं." तेव्हा दुपार होती.

रडारची गाडी आणली.

पुढचं मोजकं लिहिते. खाली आहेत. ओळीने, पूर्व-पश्चिम. शेवटची ओळ झाडांच्या मुळांखाली जाते. काहींची लांबी कमी आहे. ती कमी का, ते मला कळतं.

चराची रेघ त्यांच्या मधोमध जाते.

ट्रॉक्सलेर थंड चहा घेऊन आले. "काही अडचण?"

"मुळं आहेत," मी म्हटलं. तेही खरं होतं.

आजची चित्रं ऑफिसच्या यंत्रावर चढवली नाहीत. माझ्याकडेच ठेवली. नोकरीत पहिल्यांदाच असं केलं.

नानन त्या कोपऱ्यावर छत्री का मिटते, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तिचं मनगट ठणठणीत आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नानन मागच्या दारी चुना कालवत होती. मी आले हे पाहिलं आणि कालवत राहिली.

"मी पेकानपाशी होते," मी म्हटलं.

"यंत्र घेऊन?"

"हो."

"त्यांच्यावरून चाकं फिरवलीस?"

"हो."

"बूट काढले होतेस?"

"नाही."

"हं," ती म्हणाली आणि मिठाची मूठ बादलीत टाकली.

मग ती बादलीशी बोलल्यासारखं सांगायला लागली. पहिलं कबरस्तान दुसरीकडे होतं, लाकडी क्रूस लावलेलं, सगळ्यांना दिसेल असं. मालकाला उसासाठी जमीन कमी पडली. त्याने नांगर घातला. सरीत हाडं निघाली. बायकांनी ती ॲप्रनमध्ये गोळा केली आणि कोपऱ्यावर नेली, जिथे नंतर पेकान लावले. तिथे क्रूस नाही, दगड नाही, फूल नाही. पुढे जे जे मेले ते चुपचाप तिथेच. आणि रडायला मोडक्या भट्टीच्या विटा. तिथे क्रूस लावले, चुना दिला, मोठ्याने गाणी म्हटली.

"मालकाने विटांना कुंपणसुद्धा घालून दिलं," नानन म्हणाली. "फार देवमाणूस. पुन्हा तिकडे नांगर नाही नेला. आणि कुंपणापर्यंतचा कोपराही तसाच राहिला, कारण आम्हाला यायला वाट लागायची."

मला चित्र पुरतं दिसलं. विटांची जागा रिकामी होती आणि तीच पहारा देत होती. मी पहारा उठवला.

"मी शुक्रवारी तोंड उघडलं नसतं, तर मंडप नदीकडे गेला असता," मी म्हटलं.

"गेला असता."

"मग तू ओरडली का नाहीस माझ्यावर?"

"तू खरं बोललीस. रागवायला जागा कुठे ठेवलीस?" तिने हात पुसले. "केसांवर मात्र खर्च झाला."

मी विचारलं, आईला हे माहीत होतं का. नानन म्हणाली, तू झालीस तेव्हा सांगितलं. असंच सांगायचं असतं, घरात मूल आलं की त्याच्या आईला, तोंडी. मी म्हटलं, मग मला कधी सांगणार होतात? आई आजारी होती तेव्हा आम्ही रोज बोलत होतो. बोलायला विषय नसायचे, टीव्हीवरच्या पाककृतींबद्दल बोलायचो.

"तू लिहितेस," नानन म्हणाली. "तुझं पोटच लिहिण्यावर आहे. तुझी आई म्हणायची, आर्लेटला सांगितलं की ते कागदावर जाणार, आणि कागद शेवटी हवेलीत जातात. मी म्हणायचे, सांग गं, पोरगी आपली आहे. ती म्हणायची, पुढच्या तूसाँला सांगते."

आईचं म्हणणं तर्काला धरून होतं.

मग मी कायद्याचं सांगितलं. खूण नसलेल्या कबरींनाही संरक्षण आहे. मी अहवालात लिहिलं की चर थांबेल, कायमचा. हवेली उद्या कुणालाही विकली तरी.

"आणि नंतर?" तिने विचारलं. "मी लोकांना तिथे नेऊन उभं करायचं? छत्री धरून? एक मिनिट शांत राहू या म्हणायचं?"

"ते तुम्ही ठरवू शकाल."

"दुसऱ्या हवेलीतल्या लोकांनी ठरवलं होतं का, सहावा थांबा?"

तिला माझ्या शनिवारबद्दल कसं कळलं, विचारलं नाही. खुर्चीवरची बाई तिच्याच चर्चची असणार.

"माझ्या एकटीचं नाही हे," नानन शेवटी म्हणाली. "घरोघरी विचारावं लागेल." मग दार लावता लावता, "आईकडे गेली होतीस का?"

"नाही."

"हं."

१९ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेनंतर नाँक ऑक्टेव्हने चर्चबाहेर गाठलं. "काय मग, यंत्रवाल्या बाई? पेकानला फळ कसं आहे यंदा?" आजूबाजूला माणसं होती. मी म्हटलं, "चांगलं आहे. मुळं खोल आहेत." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. वस्तीतल्या दोघी-तिघींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्या बायका मला लहानपणापासून ओळखतात, पण अशी मान त्यांनी आधी कधी हलवली नव्हती. म्हणजे विचारणं सुरू झालंय.

दुपारी शहरात गेले, आईकडे. तिथे सगळं सपाट असतं, गवताच्या पातळीला बसवलेली पितळी पाटी, म्हणजे गवत कापायचं यंत्र वरून जातं. चुना द्यायला परवानगी नाही. शेवंती फक्त ठरवून दिलेल्या भांड्यात. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. ती पाटीशेजारी गवतावर टेकवली. थोडं थांबले. मग दुसऱ्या हाताने उचलली. झाकण नीट लागलेलं नव्हतं, थोडं पाणी सांडलं.

घरी येऊन दोन अहवाल तयार केले. दोन्हींत एकही खोटं वाक्य नाही.

पहिल्यात सगळं आहे. चित्रं, चुन्याच्या रेघा, ओळी. तो ट्रॉक्सलेर यांच्याकडे जाईल आणि त्याच दिवशी राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे. काम थांबेल. नोंद होईल. पुढे शिळा, पाटी, फाटक, जे काय असेल ते.

दुसऱ्यात लिहिलंय की चराच्या मार्गावर शंभरी ओलांडलेल्या झाडांची मुळं आहेत, ती तोडली तर झाडं मरतील, म्हणून चर हिरवळीच्या दुसऱ्या कडेने न्यावा. ट्रॉक्सलेर हे ऐकतील, पेकान त्यांच्या जाहिरातीत आहेत. कोपरा जसा होता तसा राहील. पण तो त्यांच्या ऐकण्यावर राहील, आणि त्यांच्यानंतर येणाऱ्याच्या ऐकण्यावर. आणि मला माहीत असलेलं मी लिहिलं नाही, हे मला कायम माहीत असेल. आमच्या व्यवसायात याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. परवाना जाऊ शकतो.

कोणता योग्य, हे मी सकाळी एक ठरवते आणि संध्याकाळी दुसरं. हे मोजून काढता येत नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

नाननचा फोन नाही. नाँक म्हणतो, तीन घरं राहिलीत, त्यांतलं एक घर भांडखोर आहे.

या वहीबद्दल. आठ आणि चौदा तारखेची पानं मी फाडून चुलीत घातली आणि पुन्हा लिहिली. चौदाच्या पानावर आराखडा होता, तो परत काढला नाही. नव्या पानांवर आणि इतर दोन-तीन ठिकाणी एक गोष्ट मी मुद्दाम चुकीची लिहिली आहे. दिशा असेल, झाड असेल, किंवा इमारत असेल. वही कुणाच्या हाती लागली तर तो माणूस तिथे जाईल, उभा राहील, आणि खाली काही नसेल. लिहिताना हात अडखळला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

खालची चिठ्ठी आज नाननच्या पेकानच्या टोपलीत ठेवायची आहे. ती वाचून चुलीत घालेल. नक्कल इथे ठेवते.

"नानन,

माझ्याकडे दोन अहवाल तयार आहेत. एक सगळं सांगतो, एक झाडांबद्दल सांगतो. दोन्ही खरे आहेत. दोन्हींनी चर थांबतो, पण पहिल्याने कायमचा आणि सगळ्यांसमोर, दुसऱ्याने बहुधा आणि गुपचूप. पहिला पाठवला तर परत घेता येणार नाही. दुसरा पाठवला तर पुढे कधीही पहिला पाठवता येईल, जोवर मी आहे तोवर. माझ्यानंतर कुणाला सांगायचं, ते तू शिकवशील तसं करीन.

परवान्याची काळजी तू करू नकोस. ती माझी बाब आहे, आणि तिचा विचार करून घरांनी उत्तर देऊ नये.

मी माझ्या मनाने पाठवणार नाही. एकदा तसं बोलून झालंय. मात्र उत्तरच आलं नाही तर शनिवारी सकाळी खणणारे येतील, म्हणून मग पहिला पाठवावा लागेल. हे आधीच सांगून ठेवते.

मी गेल्या रविवारी आईकडे जाऊन आले.

तूसाँला बादलीचा दुसरा कान मी धरू का, हेही सांग. आईच्या बाजूचा. बूट काढून येईन.

उत्तर लिहून देऊ नकोस. घरी येऊन सांग, किंवा नाँककडे निरोप दे. शुक्रवारी, चोवीस तारखेला, दुपारी बारापर्यंत कळव.

आर्लेट"